तुडवायचा दगड वगैरे

जुन्या वाड्याची वाटणी होताना भांड्याकुंड्यांची यादी करतात. घंगाळ एक. समया दोन. उखळ एक, फुटकं. खाली सह्या होतात आणि मग भांडणं सुरू होतात. ही यादी तशीच आहे, वाडा मात्र लांबचा. बोलिव्हिया आणि पेरूमध्ये आल्टिप्लानो नावाचं पठार आहे, उंची 3,800 मीटरच्या आसपास. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई उभी केली तरी तिथवर पोचत नाही. पठाराच्या उत्तरेला टिटिकाका सरोवर, दक्षिणेला उयुनीचं मिठाचं मैदान, आणि मध्ये आयमारा बोलणारे शेतकरी. बटाटा आणि किन्वा ही त्यांची पिकं, लामा आणि मेंढ्या ही जनावरं. गेल्या पन्नास वर्षांत त्यांनी सहकारी संस्था काढल्या, परदेशी माल पाठवला, भाव चढलेला पाहिला आणि पडलेलाही पाहिला. तेवढ्या काळात घरातून आणि शिवारातून काय काय गेलं किंवा जायला निघालंय, त्याची ही नोंद. पुण्यात बसून, वाचून केलेली आहे. तेवढं लक्षात असू द्या.

यादीत हळहळीचा रकाना ठेवलेला नाही. वस्तू कोणाच्या अंगावर होती, एवढं जमेल तिथे लिहिलं आहे.

*

तुडवायचा दगड. किन्व्याच्या दाण्यावर कडू साल असतं. त्यातलं द्रव्य सॅपोनिन. रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यामुळे. पाखरं त्यामुळे दाण्याच्या वाटेला फारशी जात नाहीत आणि माणसालाही ते काढल्याशिवाय दाणा खाता येत नाही. काढायची जुनी रीत अशी. दाणे तव्यावर गरम करायचे. त्यात पांढरी, पिठासारखी माती मिसळायची. मग खोलगट दगडात ओतून अनवाणी पायांनी तुडवायचे. अंग कमरेतून डावीकडे-उजवीकडे वळत राहतं, टाचा दाण्यांवर फिरतात, माती कानशीसारखी साल घासून काढते. आयमारात तुडवणं म्हणजे ‘सारुन्या’. तुडवून झालं की वाऱ्यावर उफणायचं, फेस थांबेपर्यंत पाणी बदलत धुवायचं, वाळत घालायचं. बारा किलो दाण्यांना सुमारे सहा तास लागत. काम बायकांचं.

यंत्र आलं. तेवढ्याच दाण्यांना सात मिनिटं.

दगडाबद्दल हळवं लिहिणं सोपं आहे. आपल्याकडेही जात्यावरच्या ओव्यांचं कौतुक गिरणी आल्यावर वाढलं. पहाटे चारला दळायला बसलेल्या बाईला कोणी काही विचारलं नव्हतं. शिवाय दगड होता तेव्हाच आयमारा घरांत शेवया आणि तांदूळ शिरले होते, कारण ते सहा तास तुडवावे लागत नाहीत. तेव्हा दगड गेल्याने किन्वा घरातून गेला, असं म्हणणाऱ्याने हिशेब उलटा मांडलाय.

*

डोंगरउतारावरचं शेत. दक्षिण आल्टिप्लानोत पूर्वी किन्वा उतारावर पेरत. लिउकाना नावाच्या रुंद पात्याच्या कुदळीने वरची कोरडी वाळू बाजूला करायची, खाली ओलावा लागेपर्यंत खड्डा करायचा, त्यात चिमूटभर बी टाकायचं, एक पाऊल सोडून पुढचा खड्डा. उतारावर थंड हवा थांबत नाही, घरंगळून मैदानात जाते, म्हणून गारठ्याने पीक जळण्याची भीती कमी. मैदान होतं लामांसाठी.

1974 च्या सुमाराला नोर लिपेस भागात सेकाओत नावाचा सहकारी संघ उभा राहिला. बेल्जियन स्वयंसेवकांची मदत होती, आणि तिच्याबरोबर ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर उतारावर चढत नाही. शेत मैदानात उतरलं.

उइसो. पायनांगर. लांब दांडा, पाय द्यायला आडवी खुंटी, खाली अरुंद फाळ. दोघं गडी एका दमात पाय देऊन ढेकूळ उचकटतात, समोरची बाई ते हाताने उलटं करते. बैल चढणार नाही अशा उतारावर अजून चालतो. मैदानात नाही.

लामा. मैदानाची पहिली मालकीण ही. मैदान नांगराखाली गेलं तसं तिचं कुरण गेलं. तिच्याबरोबर लेंडीखत गेलं आणि तोला नावाचं झुडूप गेलं. या झुडपाची मुळं वाळू धरून ठेवत, आणि जळण म्हणूनही ते लागे. आता उघड्या मैदानावरून वारा सुटला की रोपं वाळूखाली गाडली जातात आणि पेरणी पुन्हा करावी लागते. उतारावर कुदळीने पेरणाऱ्या आजोबांना हे ट्रॅक्टर येण्याआधीच सांगता आलं असतं, असं मला वाटतं. पण तेव्हा त्यांचे नातू शहरात मजुरीला निघाले होते आणि ट्रॅक्टरने त्यांतल्या काहींना थांबवलं, हेही तितकंच खरं.

लामांचे तांडे. मिठाच्या लाद्या लादून पठारावरून खालच्या खोऱ्यांत जायचं, मका भरून परतायचं. ओरुरोच्या दक्षिणेकडचे पाम्पा आउयागासचे आयमारा लोक या वाटा चालत. एका लामाच्या पाठीवर पंचवीस-तीस किलो, त्याहून जास्त लादलं की ती खाली बसते आणि उठत नाही. रस्ता झाला, ट्रक आला. ट्रक खाली बसत नाही.

*

पड. गावाच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले असत, त्यांना आयनोका म्हणतात. एका तुकड्यात पहिल्या वर्षी सगळ्या गावाचा बटाटा, दुसऱ्या वर्षी किन्वा, मग सातू, आणि मग बरीच वर्षं पड. त्यावर जनावरं चरणार. कुठला तुकडा कधी मोडायचा ते गाव ठरवी, एकटा शेतकरी नाही. बटाट्याच्या मुळाशी लागणारा सूत्रकृमी या पडीच्या काळात उपासमारीने कमी होतो. गावाने कारण शोधून पड टाकली नव्हती. टाकत आले म्हणून टाकत होते, आणि ते बरोबर होतं.

2 ऑगस्ट 1953 ला बोलिव्हियात जमीन सुधारणेचा हुकूम निघाला, वेठबिगारीवर चालणाऱ्या जमीनदाऱ्या मोडल्या. त्याबद्दल कोणी वाईट बोललं तर ऐकून घेऊ नये. पुढे वाटण्या होत होत टिटिकाकाच्या काठी तुकडे इतके बारीक झाले की तिथल्या स्पॅनिशमध्ये त्यांना ‘सुर्कोफुन्दिओ’ म्हणू लागले: एका तासाची मालमत्ता. तास म्हणजे नांगराचं तास. एका तासात पड कुठली टाकणार?

*

हिलाकाता. गावाचा वर्षभराचा मुखिया. गाव म्हणजे आयल्यू: भाऊबंदकी, जमीन आणि देव एकत्र बांधलेलं गाठोडं. मुखियापद पाळीने घरोघर फिरतं आणि ते जोडप्याचं असतं. बायको नसलेल्याला मिळत नाही. पगार नाही. उलट वर्षभर पदरचं खर्चून माणूस मोकळा होतो आणि मग त्याला गावात मान मिळतो.

याच रिवाजाचं सगळ्यात विलक्षण रोप पठारावर न उगवता खाली जंगलात उगवलं. पठारावरून आल्तो बेनीत वस्तीला गेलेल्या आयमारा आणि केचुआ कुटुंबांनी 1977 मध्ये एल सेइबो नावाचा कोकोचा सहकारी संघ काढला. व्यापारी आणि ट्रकवाले ठरवतील तो भाव घ्यायचा कंटाळा आला, एवढं साधं कारण. त्यांनी आयल्यूची पाळी तशीच उचलून कचेरीत आणली: हिशेबनीस, गोदामवाला, व्यवस्थापक, सगळे सभासदांतून, ठरावीक मुदतीसाठी, सगळ्यांना सारखाच पगार. मुदत संपली की माणूस परत आपल्या कोकोच्या झाडांखाली. सहकारावर लिहिणाऱ्या ज्युडिथ टेंडलर यांनी 1980 च्या दशकात बोलिव्हियातल्या अशा संघांचा अभ्यास केला. सल्लागार मंडळी सांगत की हे चालणार नाही, दर वर्षी नवशिका हिशेब चुकवेल. चुकवतही असत. पण काही वर्षांत वहीत काय लिहिलंय ते वाचू शकणारे सभासद शेकड्याने तयार झाले, आणि ज्या संस्थेत वही वाचणारे शेकड्याने असतात तिथे पैसे खाणं अवघड होतं. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात वाढलेल्या माझ्यासारख्याला यावर आणखी काही लिहायची गरज वाटत नाही.

संघ अजून आहे. त्याचं चॉकलेट एल आल्टो शहरात बनतं. सगळ्यांना एकच पगार, ही गोष्ट मात्र जुनी झाली. रसायनाचा आणि निर्यातीचा जाणकार त्या पगारात टिकत नाही.

*

आयनी. आज मी तुझे बटाटे काढायला, उद्या तू माझे. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे याला वारंगुळा म्हणतात, आणखी कुठे पैरा, कुठे सावड. जेवण घालून गावाला कामाला बोलवायची रीतही त्यांच्याकडे आहे, मिंका. ती आपली इर्जिक. हे मराठी शब्द तुमच्या घरात शेवटचे कधी उच्चारले गेले ते आठवून पाहा, म्हणजे आयनीची तब्येत कशी आहे ते कळेल. शेतावर तिची जागा रोजंदारीने घेतली. एल आल्टोत मात्र ती धडधाकट आहे: लग्नाला आणि जत्रेला बिअरचे खोके आयनी म्हणून येतात, कोणी किती आणले ते वहीत टिपतात, आणि त्याच्या घरच्या कार्याला तेवढे परत न्यावे लागतात. आहेराची वही.

कामानी. गारपिटीचा आणि हिमाचा राखणदार. पावसाळाभर शेतांवर नजर ठेवायची, काळा ढग चढताना दिसला की धूर करायचा, दारूचे बाण उडवायचे. तरी गार पडलीच तर गाव त्याला जाब विचारी. वऱ्हाडात गारपगारी हेच काम करत आणि त्याबद्दल गावाकडून धान्याचा वाटा घेत. दोन्ही ठिकाणी आता पीकविम्याचे अर्ज भरतात. विम्याला जाब विचारता येत नाही.

*

कृत्तिका. जूनच्या शेवटी, संत योहानाच्या सणाच्या सुमाराला, पहाटेच्या आधी डोंगरावर जाऊन कृत्तिकांचा पुंजका पाहायचा. ठळक, मोठा दिसला तर पाऊस वेळेवर येणार. पुसट दिसला तर पाऊस उशिरा आणि कमी. बटाट्याची लावणी काही आठवडे पुढे ढकलायची. 2000 मध्ये ऑर्लोव्ह, चियांग आणि केन या तिघांचा यावरचा लेख ‘नेचर’मध्ये आला. एल निन्योच्या वर्षी आकाशात फार उंचावर विरळ ढग असतात, डोळ्यांना दिसतही नाहीत, पण कृत्तिका अंधूक करतात; आणि त्याच वर्षी पुढे पाऊस कमी पडतो. ताऱ्यांत बघून सांगणारा म्हातारा ढग मोजत होता.

टिटवी. हो, टिटवीच, अँडीजमधली जात वेगळी, नाव लेके-लेके. तिने सरीच्या वरंब्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, सरीच्या तळात घातली तर कोरडं वर्ष. आपल्याकडचा शेतकरी टिटवीची अंडी पाहून जवळजवळ हेच बोलतो. हजारो मैलांवर एकमेकांना न विचारता दोघं एका पाखराकडे बघत होते; मला या यादीतली सगळ्यात आवडलेली नोंद ही. आज टिटवी आहे, अंडी आहेत, बघणारा फोनवर अंदाज बघतो. फोन वाईट नाही. पण फोन अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज सांगतो, टिटवी त्या सरीचा सांगायची.

चाकाल्ताया हिमनदी. ला पासच्या वर, 5,000 मीटरच्याही वर. एके काळी तिथे बर्फावरून घसरायचा खेळ चाले. 2009 पासून हिमनदीच नाही.

*

गादीवाफे. हे दोनदा नाहीसे झाले. टिटिकाकाच्या काठी दलदलीत चर खणून, त्यातली माती वर टाकून उंच रुंद वाफे केलेले असत: सुका कोल्यू. चरातलं पाणी दिवसा ऊन पितं आणि रात्री ऊब सोडतं, त्यामुळे हिम पडलं तरी वाफ्यावरचं पीक वाचतं. तिवानाकू संस्कृतीच्या काळात, हजार वर्षांपूर्वी, अशी हजारो हेक्टर शेती होती. पुढे लोकांनी सोडून दिली. 1980 च्या दशकात बोलिव्हियाच्या बाजूला अॅलन कोलाटा आणि पेरूत क्लार्क एरिक्सन या पुरातत्त्वज्ञांनी गावकऱ्यांबरोबर ते पुन्हा बांधून पाहिले. कडक गारठ्याच्या रात्री शेजारची शेतं काळी पडली तेव्हा वाफे हिरवे राहिले. मग संस्था आल्या, पैसे आले, पुष्कळ वाफे झाले. प्रकल्प संपले, पैसे थांबले, वाफे पुन्हा गवतात गेले. माती वर ओढायला फार हात लागतात, आणि ते हात एल आल्टोत विटा रचत होते. पूर्वजांची विद्या चांगली होती; तिला लागणारे पूर्वज मात्र कोणी मोजले नाहीत.

कुस्ताला. लामाच्या लोकरीचं हाताने विणलेलं पट्ट्यापट्ट्यांचं पोतं. आईने विणलेलं मुलीच्या घरी जाई. आता प्लॅस्टिकची गोण, ती दोन हंगाम टिकते.

बटाट्यांची नावं. छियार इमिल्या, म्हणजे काळी पोर. लुकी, हिमाला न भिणारा पण कडू. तो खाताना ओल्या मातीच्या चटणीत बुडवून खात, कारण ती माती त्यातलं विष धरून ठेवते. 1980 च्या दशकात प्रयोगशाळेने यावर शिक्का मारला. बाजार दोन-चार नावं ओळखतो, त्यांत एक डेसिरे, हॉलंडची. नाव गेलं की बी जातं असं नाही, पण नाव विसरलेलं बी कोणी मागून नेत नाही.

किन्व्याचे रंग. पांदेला गुलाबी, पासान्काया तांबूस. परदेशी गिऱ्हाइकाला आधी पांढराच हवा होता, एकसारखा. रंगीबेरंगी शेतात एक जात गारठ्याने गेली तरी दुसरी उभी राही. पुढे त्याच गिऱ्हाइकाला तिरंगी मिश्रणाचं पाकीट हवं झालं आणि रंग परत आले, तराजूत मोजून.

चुन्यो. बटाटे जूनच्या कडक रात्री उघड्यावर गोठवायचे, दिवसा ढीग करून अनवाणी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे, वर्षानुवर्षं टिकतात. याला यादीत घेतलं होतं, खोडतोय. एल आल्टोच्या बाजारात पोत्यांनी मिळतो. हिवाळ्याच्या रात्री पुरेशा गोठेनाशा झाल्या तर पुन्हा लिहू.

*

पेटंट क्रमांक 5,304,718. नाहीशा झालेल्या वस्तूंमध्ये एक गोड. 1994 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या दोघा संशोधकांना आपेलावा नावाच्या किन्व्याच्या वाणातल्या नर-वंध्यत्वाच्या गुणावर आणि त्यातून काढलेल्या संकरांवर हक्क मिळाला. आपेलावा हे टिटिकाकाजवळच्या गावाचं नाव. बी तिथून नेलेलं. अनापकी ही किन्वा उत्पादकांची बोलिव्हियातली संघटना, 1983 ची. तिने देशोदेशी बोंब ठोकली. 1998 मध्ये पेटंट सोडून देण्यात आलं. हळदीच्या पेटंटची लढाई आपल्याकडे त्याच वर्षांतली, म्हणून हे आपल्याला लगेच कळतं. सहकारी संघटनेचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मी ट्रॅक्टरच्या आधी हे सांगेन.

2014 चा भाव. 2013 हे संयुक्त राष्ट्रांनी किन्व्याचं वर्ष म्हणून साजरं केलं. भाव चढला, शहरात गेलेले भाऊबंद पेरणीपुरते गावी येऊन जमिनीवर हक्क सांगू लागले, पडीक मैदानं फुटली. पेरूने समुद्रकाठच्या गरम शेतांतही किन्वा घेतला आणि निर्यातीत बोलिव्हियाला मागे टाकलं. दोन वर्षांत भाव निम्म्याच्याही खाली आला. भाव गेला, फुटलेलं मैदान परत कुरण झालं नाही.

हाताचा एक इशारा. आयमारात ‘नायरा’ म्हणजे डोळा, समोर, आणि भूतकाळ. ‘नायरा मारा’, समोरचं वर्ष, म्हणजे गेलेलं वर्ष. येणारा दिवस पाठीमागे असतो, कारण तो दिसत नाही. उत्तर चिलीतल्या आयमारा म्हाताऱ्यांशी बोलताना रफाएल नुन्येस आणि ईव्ह स्वीटसर यांनी टिपलं की आजोबांच्या काळाबद्दल बोलताना त्यांचे हात पुढे जातात, आणि उद्याबद्दल बोलताना अंगठा खांद्यावरून मागे. हा अभ्यास 2006 चा. स्पॅनिश चांगलं येणाऱ्या तरुणांचे हात आपल्यासारखे झालेत: काल मागे, उद्या पुढे. याला यंत्र आलं नाही, सहकारी संस्थेने ठराव केला नाही, कोणाचं ओझं हलकं झालं नाही. कोणाच्या अंगावर होतं हा रकाना इथे कोरा ठेवावा लागला.

*

भारतात आता राजस्थानात किन्वा पिकतो. किराणा दुकानातल्या पाकिटात बहुतेक वेळा तोच निघेल. कुठलाही असो, शिजवण्याआधी तीन-चार पाण्यांत चांगला चोळून धुवा. यंत्रातूनही थोडं साल राहतं. पाण्याला फेस येईल, तो थांबेपर्यंत धुवा. नाहीतर उपमा कडू होतो.